दूरस्थ इंग्रजी अध्यापन : शिक्षकाची साधने आणि शिक्षकाचा आधार

प्रास्ताविक

निवासी शाळेच्या स्मरणिकेत दूरस्थ अध्यापनाचा विचार मांडणे काहीसे विसंगत वाटण्याचा संभव आहे. निवासी शाळेचे सामर्थ्यच मुळी सहवासात असते. सकाळच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात वावरतात, आणि मोठ्या वर्गातील मुलगा लहान वर्गातील मुलाला सहज शिकवून जातो. परंतु मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वसतिगृहे रिकामी झाली आणि सहवासावर उभे असलेले हे शिक्षण एकाएकी दूरध्वनीच्या एका यंत्रावर येऊन ठेपले. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले. म्हणजे लहान वर्गांच्या बाबतीत हा विरह जवळजवळ एकवीस महिन्यांचा होता.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली या उपनगरांत इंग्रजी शिकविणारे आम्ही काही शिक्षक त्या काळात आणि त्यानंतरही या प्रश्नाचा विचार करीत आलो आहोत. तो काळ सरला, परंतु दुरून शिकविण्याचा प्रसंग सरलेला नाही. अतिवृष्टीमुळे जाहीर होणारी सुट्टी, मुलाचे दीर्घ आजारपण, सणाला किंवा उन्हाळ्यात कोकणात गेलेले कुटुंब, दिवाळीच्या सुट्टीत घरी परतलेले वसतिगृहातील विद्यार्थी, अशा प्रत्येक वेळी शिक्षक आणि मूल यांच्यात अंतर पडते. म्हणून या अनुभवाचा अभ्यास म्हणून विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेखात आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. दुरून इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाला साधनांची वाण नाही. त्याला वाण आहे ती ऐकणाऱ्या माणसाची. साधने पोहोचविली म्हणजे आधार दिला, ही समजूत दूर झाल्याशिवाय या कामास खरी मदत होणार नाही.

पूर्वपीठिका : दूरस्थ अध्यापन नवे नाही

इंग्रजी दुरून शिकविण्याची कल्पना २०२० साली जन्मास आलेली नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणापुरते बोलावयाचे, तर हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज ‘इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकातच इंग्रजीच्या शिक्षकांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम चालू केले. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उपलब्ध करून दिला. नोकरी न सोडता टपालाने येणारे पाठ वाचून आपली पात्रता वाढविणे शिक्षकांना त्यामुळे शक्य झाले.

मुलांसाठी नभोवाणीचा उपयोग झाला. आफ्रिकेतील केनिया देशात १९८० च्या दशकात प्राथमिक वर्गांना नभोवाणीवरून इंग्रजी शिकविण्याचा मोठा प्रयोग करण्यात आला. आपल्याकडे पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ ही पाठमाला सिद्ध केली आणि ती आकाशवाणीवरून मुलांपर्यंत पोहोचली. या पद्धतीचे मर्म तिच्या विरामात आहे. नभोवाणीवरील आवाज प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या रिकाम्या क्षणांत वर्गातील मुले मोठ्याने उत्तर देतात, मग आवाज पुढे जातो.

खुद्द मुंबईत महानगरपालिकेने २०११ च्या सुमारास आपल्या माध्यमिक शाळांसाठी ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ चालू केले. एक शिक्षक चित्रीकरण कक्षातून शिकवितो, अनेक शाळांतील मुले पडद्यावर त्याला पाहतात आणि ध्वनिक्षेपकावरून त्याला शंका विचारतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविणाऱ्या महानगरपालिकेसाठी ही सोय विशेष उपयुक्त होती.

नभोवाणी आणि पडदा या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे आणि ती सहसा नजरेतून निसटते. आवाज दुरून येत असला, तरी मुलाच्या जवळ एक शिक्षक होता. नभोवाणीच्या विरामात मुलांकडून उत्तर वदवून घेणारा आणि पडद्यासमोर मुलांना शांत बसविणारा माणूस वर्गात हजर होता. २०२० साली हाच जवळचा माणूस नाहीसा झाला आणि मूल घरात एकटे उरले. म्हणूनच पूर्वीच्या प्रयोगांचे यश जसेच्या तसे अनुभवास आले नाही. दूरस्थ अध्यापनाची योजना करताना पहिला प्रश्न ‘कोणते साधन?’ हा नसून ‘मुलाजवळ कोण आहे?’ हा असावयास हवा.

साधने : विपुल, परंतु निवडून घ्यावयाची

साधनांची गणती थोडक्यात करू. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरील पूरक साहित्याकडे नेतात. हा मंच २०१७ साली चालू झाला. त्याच वर्षी चालू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावर शिक्षकांसाठीही अभ्यासक्रम आहेत. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘टीचिंग इंग्लिश’ या संकेतस्थळावर पाठांचे आराखडे आणि अध्यापनविषयक लेख विनामूल्य मिळतात. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका आली. ज्या घरात इंटरनेट नव्हते परंतु दूरचित्रवाणी संच होता, त्या घरांसाठी तिचे मोल मोठे होते.

या सर्वांत भाषेच्या शिक्षकाने आवर्जून हाताळावे असे एक साधन म्हणजे ‘प्रथम बुक्स’ने सप्टेंबर २०१५ मध्ये खुले केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचे भांडार. येथील अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. त्यांचा परवाना खुला असल्याने, मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून, शिक्षकाला त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, आपल्या वर्गाच्या कुवतीप्रमाणे बदलताही येतात. मुलाने गोष्ट आधी मराठीतून वाचावी आणि मग तीच इंग्रजीतून वाचावी. अर्थ माहीत असल्याने त्याचे सारे लक्ष भाषेकडे राहते, आणि शब्दकोश हाती घेऊन बसलेला कोणी मोठा माणूस घरात असण्याची गरज उरत नाही.

मराठीचा आधार घेतल्याने इंग्रजी कच्चे राहते, हा समज आम्ही मानीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मराठीतून चालविली आणि आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीतून लिहिले. एका भाषेने दुसरीची वाट अडविली नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकाने हे काम अंगावर घेतले तेव्हा तो इतर सर्व विषयांबरोबर इंग्रजीही शिकवू लागला. त्याला मराठीचा आधार नाकारणे म्हणजे त्याच्या हातातील सर्वांत चांगले साधन काढून घेणे होय.

साधन निवडताना तीन कसोट्या लावाव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, ते साधन मुलाच्या घरातील सर्वांत साध्या यंत्रावर चालते काय? दुसरी, ते मुलाला बोलावयास लावते, की केवळ पाहावयास लावते? तिसरी, ते समजून घेण्यास शिक्षकाचा जेवढा वेळ जातो तेवढा उपयोग त्यातून होतो काय? या कसोट्यांना उतरणारी दोन-तीन साधने वर्षभर पुरतात. रोज एक नवा दुवा पुढे पाठविणे ही साधनसंपन्नता नसून तो शिक्षकावरचा भार आहे.

उपनगरातील घर आणि भाषेचा तास

गणिताचे उदाहरण मूल निमूटपणे सोडवू शकते, भाषा मात्र मोठ्याने बोलावी लागते. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत किंवा अंधेरीतील चाळीत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. तेथे मुलाचा इंग्रजीचा तास हा साऱ्या घराचा तास होतो. आजी ऐकते, धाकटे भावंड मध्ये बोलते, कामावरून आलेले वडील त्याच खोलीत विसावलेले असतात. वर्गात मुलाची चूक चाळीस मुलांत विरून जाते, घरात ती सर्वांच्या कानी पडते. ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्या घरात पहिल्यांदा इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या मनावर आशा आणि संकोच या दोहोंचे ओझे असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर तर आधी आवाज पोहोचविण्यासाठीच जागा शोधावी लागते.

हाच संकोच दुसऱ्या टोकाला शिक्षकाच्या वाट्यालाही येतो. वर्गात त्याचे इंग्रजी फक्त मुले ऐकत असत, आता पालकही ऐकतात. ध्वनिमुद्रण झाले असेल तर ते कोठेही जाऊ शकते. परिणामी शिक्षक बोलणे कमी करतो, तयार चित्रफिती अधिक पाठवितो, आणि मुलाला जिवंत उत्तर देणारा अखेरचा माणूसही मागे सरतो. येथे पणाला लागलेली गोष्ट परीक्षेतील गुणांहून मोठी आहे. महाविद्यालय, न्यायालय, रुग्णालय, कचेरी अशा ठिकाणी इंग्रजीत प्रश्न विचारण्याचे धैर्य या मुलांत येणार की नाही, हे याच वर्षांत ठरत असते.

दूरध्वनीवरचा ध्वनी : एक तांत्रिक अडचण

दुरून इंग्रजी शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी एक शास्त्रीय बाब आहे. साध्या दूरध्वनीवरून पूर्ण मानवी आवाज जात नाही. परंपरेने ठरलेली मर्यादा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झची आहे. ‘स’ आणि ‘फ’सारख्या घर्षक ध्वनींतील फरक मुख्यतः त्याहून वरच्या कंपनसंख्यांत असतो. म्हणून दूरध्वनीवर नाव सांगताना आपल्याला अक्षरे फोडून सांगावी लागतात.

याचा इंग्रजीच्या पाठाशी थेट संबंध आहे. मराठीत ‘एक दगड’ आणि ‘दोन दगड’, ‘एक दिवस’ आणि ‘दोन दिवस’ असे म्हणतात. अशा पुल्लिंगी शब्दांचे रूप अनेकवचनात बदलत नाही. त्यामुळे मराठी मूल इंग्रजीतही स्वाभाविकपणे ‘टू स्टोन’ किंवा ‘टू डे’ असे म्हणून जाते. वर्गात शिक्षकाला शेवटचा ‘स’ ऐकू येतो किंवा त्याचा अभाव तरी जाणवतो. दूरध्वनीवर मात्र मुलाने तो उच्चारला की गाळला, याचीच खात्री होत नाही. चुकीला बरोबर आणि बरोबरला चूक म्हटले जाण्याची भीती असते.

उपाय सोपे आहेत. थेट बोलण्याच्या वेळी उच्चारातील सूक्ष्म भेद शिकवू नयेत, तेव्हा वाक्य आणि अर्थ यांवर भर द्यावा. उच्चार तपासावयाचा असेल तेव्हा मुलाकडून ध्वनिमुद्रित संदेश मागवावा. त्यात आवाज अधिक स्वच्छ येतो आणि पुन्हा ऐकताही येतो. अनेकवचनाचा ‘स’ तपासण्यासाठी वहीच्या पानाचे छायाचित्र सर्वांत खात्रीचे.

दुसरी बाब थांबण्याची. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक लांब व अधिक विचारपूर्वक येतात, असे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या निरीक्षणातून दाखविले. दुरून बोलताना आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून हा विराम आणखी वाढवावा लागतो. मनात सावकाश पाच आकडे मोजावेत आणि मगच पुढे बोलावे.

एक नमुना पाठ : ‘आमच्या दारातून काय दिसते?’

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. इयत्ता सहावी, मराठी माध्यम, पाच मुले एकाच दूरध्वनी-संभाषणात, वेळ वीस मिनिटे. चित्र दिसण्याची आवश्यकता नाही, साधा दूरध्वनी पुरतो. उद्दिष्ट : ‘देअर इज’ व ‘देअर आर’ ही वाक्यरचना, आणि ‘निअर’, ‘बिहाइंड’, ‘अंडर’ हे स्थळवाचक शब्द.

शिक्षकाने आधी एक अडचण ओळखून ठेवावी. आपण ‘घराजवळ पाण्याची टाकी आहे’ असे म्हणतो. मराठीत स्थळ आधी येते, क्रियापद शेवटी येते आणि ‘जवळ’ हा शब्द घराच्या मागे चिकटतो. इंग्रजीत ‘देअर इज अ वॉटर टँक निअर माय हाउस’ असे सारेच उलटे. त्यात ‘देअर’चा अर्थ ‘तेथे’ नाही हे सांगितले नाही, तर मूल प्रत्येक वाक्यात ‘तेथे’ शोधत बसते. हे मराठीतूनच सांगावे, एका मिनिटात सांगावे आणि पुढे जावे.

पहिली चार मिनिटे : प्रत्येक मुलाने दारात किंवा खिडकीत उभे राहून दिसणाऱ्या तीन वस्तूंची नावे सांगावीत. इंग्रजी शब्द येत नसेल तर मराठी नाव चालेल. तो शब्द शिक्षक पुरवितो.

पुढील चार मिनिटे : शिक्षक स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींची तीन वाक्ये सावकाश म्हणतो. मुले एकेक करून ती म्हणतात. सर्वांनी एकदम म्हणण्याचा आग्रह धरू नये, कारण दूरध्वनीवर समूहपठणाचा गोंधळ होतो.

पुढील सात मिनिटे हा पाठाचा गाभा होय. एक मूल दुसऱ्याला विचारते : ‘इज देअर अ ट्री निअर युवर हाउस?’ दुसरे उत्तर देते आणि तिसऱ्याला विचारते. येथे अंतर ही अडचण न राहता सोय होते. वर्गात सर्वांना एकच फळा दिसत असतो, म्हणून ‘फळा कोठे आहे?’ हा प्रश्न खोटा असतो. मुलुंडच्या मुलाला घाटकोपरच्या मुलाच्या दारात काय आहे हे खरोखरच ठाऊक नसते, त्यामुळे त्याचा प्रश्न खरा असतो आणि उत्तर ऐकणे त्याला भाग पडते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेल्या प्रयोगात अशा ‘माहितीच्या अंतरा’वर आधारलेल्या कृतींना महत्त्वाचे स्थान दिले होते. दूरस्थ पाठात हे अंतर आयतेच मिळते. ते वाया घालवू नये.

शेवटची पाच मिनिटे : प्रत्येक मूल दुसऱ्याच्या घराविषयी ऐकलेले एक वाक्य सांगते. त्यानंतर गृहपाठ : आपल्या दाराविषयी पाच वाक्ये वहीत लिहावयाची आणि त्यांतील तीन वाक्यांचा अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठवावयाचा.

यात घरच्या माणसालाही काम द्यावे. आई किंवा मोठ्या भावंडाला मराठीतून एवढेच कळवावे : ‘मुलाला पाच वाक्ये मोठ्याने म्हणावयास सांगा, बोटांवर मोजा आणि मोठ्याने म्हणल्याबद्दल शाबासकी द्या.’ मोजण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. नभोवाणीच्या काळात वर्गातील शिक्षक जे काम करीत असे, त्याचा एक भाग या रीतीने घरातील माणूस उचलतो.

वेळेचा हिशेब

हा पाठ सोपा दिसतो, परंतु त्यामागचा श्रम मोजला पाहिजे. वर्गात पंचेचाळीस मुले असतील तर पाच-पाचांचे नऊ गट होतात. प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर एका वर्गासाठी तीन तास लागतात. अर्ध्या मिनिटाचे पंचेचाळीस संदेश ऐकण्यास साडेबावीस मिनिटे लागतात, आणि प्रत्येकाला वीस सेकंदांचे उत्तर द्यावयाचे तर आणखी पंधरा मिनिटे. एकूण झाले तीन तास साडेसदतीस मिनिटे. चार वर्ग असतील तर साडेचौदा तास. हा फक्त एका पाठाचा हिशेब आहे.

म्हणून प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदाच असा लहान गटाचा पाठ मिळेल, हे प्रारंभीच मान्य करावे आणि उरलेले दिवस वाचन व लेखन यांना द्यावेत. उत्तर देताना एक चांगली गोष्ट आणि एकच दुरुस्ती सांगावी. हे साडेचौदा तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले गेले पाहिजेत. ‘घरूनच तर शिकवायचे आहे’ असे म्हणून ते दुर्लक्षिले, तर शिक्षक नाइलाजाने चित्रफितीकडे वळतो.

शिक्षकाचा आधार : सहाध्यायी मंडळ

शिक्षकांना मिळणारी मदत पुष्कळदा एकमार्गी असते. शेकडो शिक्षक एका ऑनलाइन सभेत बसतात, तज्ज्ञ बोलतात, प्रमाणपत्र मिळते. अशा सभांतून माहिती मिळते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भाषेच्या शिक्षकाला भाषा बोलण्यास वाव हवा असतो आणि शेकडोंच्या सभेत तो मिळत नाही.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाट चोखाळली गेली आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने २०१६ साली चालू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात जवळपासच्या शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांचे लहान गट स्थापन करण्यात आले. त्यांना ‘टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप’ असे नाव होते. हे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येत, एखादी कृती स्वतः करून पाहत, आपल्या वर्गात तिचा प्रयोग करीत आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलत. मधल्या काळात ते भ्रमणध्वनीवरून परस्परांशी संपर्क ठेवीत. त्याच धर्तीवर औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील राज्य आंग्ल भाषा संस्थेने माध्यमिक शिक्षकांसाठी ‘चेस’ उपक्रम चालविला. माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ‘सातत्याने साहाय्य’ हा अर्थ त्याच्या नावातच सामावलेला आहे. राष्ट्रीय पातळीवर १९६९ साली स्थापन झालेली इंग्रजी शिक्षकांची ‘एल्टाय’ ही संघटनाही आहे. या प्रयत्नांतून घ्यावयाचा बोध हा की, शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, लहान गटात शिकतो आणि पुन्हा पुन्हा भेटून शिकतो.

उपनगरांतील शाळांनी हेच तत्त्व लहान प्रमाणावर सहज अमलात आणावे. चार ते सहा शिक्षकांचे मंडळ असावे. ते वेगवेगळ्या शाळांतील असतील तर उत्तम. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे, दूरध्वनीवरून. पहिली दहा मिनिटे एकाने पुढच्या आठवड्यातील पाठ मोठ्याने वाचावा आणि त्याविषयी इंग्रजीत बोलावे. पुढील पंधरा मिनिटे एका सदस्याच्या पाठाचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण सर्वांनी ऐकून त्यावर चर्चा करावी. मुलांचे आवाज मंडळाबाहेर जाऊ नयेत आणि पालकांची संमती आधीच घ्यावी. पुढील दहा मिनिटांत आगामी पाठाची कामे वाटून घ्यावीत. एकाने गोष्ट निवडावी, एकाने प्रश्न करावेत, एकाने पालकांसाठीचा मराठी मजकूर लिहावा. उरलेल्या पाच मिनिटांत निर्णय नोंदवावेत. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटावे. २०१४ पासून मेट्रोने अंधेरी आणि घाटकोपर जोडली गेल्यावर हे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. मंडळात वरिष्ठ अधिकाऱ्याने निरीक्षक म्हणून बसू नये. आणि एखाद्याच्या इंग्रजीतील चूक त्याला नंतर, एकट्याला सांगावी. जेथे चुकण्याची मुभा आहे तेथेच भाषा बोलली जाते. ही मुभा शिक्षकाला मिळाली नाही, तर तो ती विद्यार्थ्याला देऊ शकत नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांना ‘कल्याणमित्र’ हा शब्द अपरिचित नाही. कल्याणमित्र आपल्या उणिवा जाणतो आणि तरीही सोबत सोडत नाही, उलट पुढे जाण्यास बळ देतो. दुरून शिकविणाऱ्या शिक्षकाला नेमका असाच सोबती हवा आहे.

संस्थेचे कर्तव्य

मंडळ शिक्षकांनी चालवावे, परंतु काही गोष्टी संस्थेनेच केल्या पाहिजेत. शिक्षकाच्या इंटरनेटचा व दूरध्वनीचा खर्च संस्थेने द्यावा. शाळेच्या नावाने स्वतंत्र क्रमांक घ्यावा. शिक्षिकांचे खासगी क्रमांक शेकडो घरांत पोहोचणे योग्य नाही. पालकांनी कोणत्या वेळेत संपर्क साधावा हे ठरवून सर्वांना कळवावे. ज्या मुलांकडे यंत्र नाही त्यांची यादी करून त्यांच्यासाठी छापील गोष्टी आणि आठवड्यातून एक ठरलेली भेट, किमान शेजाऱ्याच्या दूरध्वनीवरून एक संभाषण, यांची व्यवस्था करावी.

निवासी शाळांना आणखी एक मोठी संधी आहे. त्यांचे माजी विद्यार्थी आज या उपनगरांत नोकरी-व्यवसाय करीत आहेत आणि इंग्रजीचा रोज वापर करीत आहेत. शिकविण्याचे प्रशिक्षण नसलेला, परंतु आस्थेने ऐकणारा माणूसही मुलाच्या भाषेला बळ देतो, या कल्पनेवर सुगाता मित्रा यांचा ‘ग्रॅनी क्लाउड’ उभा राहिला. त्यात दूरदेशीचे स्वयंसेवक इंटरनेटवरून मुलांशी गप्पा मारीत. त्यांच्या पुढील प्रकल्पाचे एक केंद्र आपल्या फलटणमध्ये, मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत होते. आपल्याला श्रोत्यांसाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. वसतिगृहातील एका मुलाशी आठवड्यातून पंधरा मिनिटे इंग्रजीत बोलण्याचे वचन एकेका माजी विद्यार्थ्याने दिले, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, शाळेच्याच क्रमांकावरून हे संभाषण झाले, तर शिक्षकाचा केवढा तरी भार हलका होईल.

समारोप

दूरस्थ अध्यापनात अंतर यंत्रामुळे मिटते, असे म्हटले जाते. आमचा अनुभव असा की, यंत्र आवाज पोहोचविते. अंतर मिटते ते आवाज ऐकून कोणी उत्तर दिल्यावर. मुलाला उत्तर देणारा शिक्षक हवा, शिक्षकाला उत्तर देणारा सहकारी हवा आणि त्या दोघांच्या वेळेचा हिशेब ठेवणारी संस्था हवी. साधनांची निवड त्यानंतर सोपी आहे. आपल्या शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाला या आठवड्यात कोणी ऐकले काय, एवढा प्रश्न प्रत्येक शाळेने आपल्या पुढील शिक्षकसभेत विचारावा आणि त्याच सभेत पहिल्या मंडळाचा वार व वेळ ठरवावी, अशी आमची विनंती आहे.